पाच मीटरवरचा सबनीस

इचिकावा स्टेशनबाहेर कबुतर आडवं आलं की सबनीस जागच्या जागी थांबतो. ते जाईपर्यंत पाऊल टाकत नाही. मागची जपानी माणसं काही न बोलता वळसा घालून जातात. त्यांना वाटत असेल, भारतात असंच करतात.

हा आमच्या वरच्या मजल्यावर राहतो. माझ्या मुलासारखाच तोयोसुच्या टॉवरमध्ये कॉम्प्युटरवर बसतो. बायको आणि मुलगी ईरा शाळेसाठी पुण्याला गेल्या, तेव्हापासून एकटाच. ऑगस्टच्या उकाड्यात एसी लावत नाही. घामानं निथळत मला म्हणतो, "काका, तिकडे बर्फ वितळतोय."

तिकडे म्हणजे अंटार्क्टिकाला. मी चौथी शिकलेला, पण जो उडत नाही त्याला मी पक्षी म्हणत नाही. हे त्याला स्पष्ट सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि पेंग्विनचं परत पहिल्यापासून सुरू केलं.

मूळ असं झालं. ईरा इथे होती तेव्हा तिला पेंग्विन बघायचे होते म्हणून यानं बोटीची सहल ठरवली. नियम पाठ केले. पाच मीटर लांब राहायचं, वाट आधी पेंग्विनची, तो आपण होऊन जवळ आला तर खाली बसायचं, हलायचं नाही. बापलेक बागेत सराव करायची. ती पेंग्विन, हा प्रवासी. मग यानं कुठेतरी वाचलं, तिकडे आता बर्फाऐवजी पाऊस पडतो, पिल्लांची लव भिजते नि ती गारठून मरतात. त्यात बघ्यांच्या बोटींची गर्दी. यानं सहल रद्द केली.

"तू न गेल्यानं बर्फ वितळायचा थांबणार आहे का रे?" मी विचारलं.

"नाही काका. पण त्यात माझा धूर नको."

हट्टाच्या बाबतीत मी सहसा कुणाला मानत नाही. याला मानलं.

ईरानं मात्र बोलणं टाकलं. रविवारी हा पुण्याला फोन करायचा, ती तो आईकडे द्यायची. मग हा खाली येऊन मला सांगायचा, आज हॅलो म्हणाली.

मे महिन्यात मायलेकी सुट्टीला आल्या. विमानतळावर सोबतीला मी गेलो. ईरा बाहेर आली, याला बघितलं नि थांबली. हाही थांबला. मी म्हटलं, जा की पुढे, उचल तिला.

"आपण जवळ जायचं नाही, काका," म्हणाला, आणि टाय लावलेला हा माणूस भर गर्दीत उकिडवा बसला.

बराच वेळ कुणीच हललं नाही. मग ईरानं बॅग आईकडे दिली, हात अंगाला चिकटवले आणि डुलत डुलत निघाली.

"बाबा, हलायचं नाही."

तो हलला नाही. खांदे तेवढे हलत होते. तेवढं नियमात बसतं का, ते मी विचारलं नाही.