बाप दाखव

"तुझ्या भावाला म्हणावं, शनिवारी दाढी करून ये. तो माझ्या जागी बसणार आहे," वेंडल म्हणाला आणि पुढ्यातलं सॉसेज कापायला लागला.

लोर्नाने हातातली पळी खाली ठेवली. "तुझ्या जागी? कुठे?"

"मैदानावर. तुझ्या शेजारी. कॅलचा बाप म्हणून."

वेंडल प्रोहास्का शेतकऱ्यांना गारपिटीचा विमा विकायचा. नेब्रास्कात हा धंदा बरा चालतो, कारण तिथे आभाळाला काही धरबंध नाही. वेंडलचं दुःख वेगळंच होतं. तो बुटका होता. नुसता बुटका असता तर काही बिघडत नव्हतं, पण ते त्याला मान्य नव्हतं. त्याच्या बुटांना अशा टाचा होत्या की लग्नात लोर्नाला साध्या चपला घालाव्या लागल्या होत्या. फोटो काढताना तो नेहमी पायरी शोधायचा. आणि ह्या माणसाने आपल्या एकुलत्या एका पोराला बेसबॉलमध्ये पिचर करायचं ठरवलं होतं, कारण त्या अख्ख्या खेळात चेंडू फेकणाऱ्या पिचरलाच तेवढं मातीच्या उंचवट्यावर उभं राहायला मिळतं. लोर्नाने हे कारण केव्हाच ओळखलं होतं. वेंडलने ते कधी कबूल केलं नाही, एवढंच.

पोराला पिचर व्हायचं नव्हतं. कॅल शाळेच्या शेवटून दुसऱ्या वर्षात होता. तो चेंडू बरा फेकायचा, म्हणजे त्या तालुक्यातली निम्मी पोरं फेकतात तेवढा. पण त्याला आतल्या फळीत, दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे, शॉर्टस्टॉपच्या जागेवर उभा केला की बघणाऱ्याचं जेवण राहून जायचं. जमिनीवरून सरपटत आलेला चेंडू त्याच्या हातमोज्यात आपण होऊन यायचा. "आई, मला तिथेच खेळायचंय गं, बाबांना सांग ना," असं तो वर्षभर म्हणत होता. लोर्नाने वर्षभर सांगितलं होतं. भिंतीला सांगितलं असतं तर एखादा पोपडा तरी पडला असता.

आता शनिवारी सरकारी कॉलेजचे मॅब्रीसाहेब येणार होते. पोरांची पारख करणं हे त्यांचं काम. त्यांच्याकडे कॉलेजच्या संघातली एक जागा होती, ते एकदाच येणार होते आणि हो किंवा नाही ते तिथल्या तिथे सांगणार होते. शाळेच्या प्रशिक्षकाने वेंडलला बाजूला घेऊन आणखी एक गोष्ट सांगितली होती: "मॅब्री नुसतं पोराला बघत नाही हां. तो आई-बापांना बघतो. पोरगं पुढे किती वाढणार, ते बापावरून ठरवतो."

म्हणजे खाण तशी माती. ह्या शहाण्यांनी गुरांच्या बाजारातली विद्या शाळेच्या मैदानावर आणली होती आणि तिला शास्त्र म्हणत होते.

"ड्वेन साडेसहा फूट आहे," वेंडल म्हणाला. "त्याला बघितलं की मॅब्री जागच्या जागी सही करेल."

"अरे, तो माझा सख्खा भाऊ आहे! त्याला नवरा म्हणून शेजारी बसवू?"

"चार तासांचा तर प्रश्न आहे."

लोर्नाने पळी पुन्हा उचलली. खरं तर तिला एक गोष्ट सांगायची होती. त्याच आठवड्यात तिने कॅलला खिळ्यांचे नवे बूट आणले होते, कारण मार्चमधले बूट आत्ताच बोटं चावायला लागले होते. नवे बूट तेरा नंबरचे. मोठ्या सामन्याला नवे बूट नकोत म्हणून पोराने ते खोक्यासकट गाडीच्या डिकीत टाकले होते. लोर्नाच्या माहेरी असंच व्हायचं, आधी पाऊल वाढायचं आणि मग मागाहून माणूस. पोरगं मामाच्या वळणावर चाललं होतं. वेंडलला हे कळलं असतं तर ड्वेनची गरजच पडली नसती. पण रागावलेल्या बायकोने नवऱ्याला शहाणं करायचं कंत्राट घेतलेलं नसतं. ती भांडी घासायला निघून गेली.

शनिवारी वारा सुटला होता. ड्वेन दाढी करून, वर गळ्यात टाय बांधून आला. तो गावातल्या सेप्टिक टाक्या उपसायचा. टायमध्ये त्याला आजवर फक्त मयताला बघितलेलं होतं, त्यामुळे दोघातिघांनी हळूच "कोण गेलं?" असं विचारलं.

"हात लावलास तर बोटं मोडीन," लोर्ना दातओठ खात म्हणाली.

"लोर्ने, मी काय हौसेने आलोय? वेंडलने शिकारीला त्याचा ट्रक देतो म्हटलंय."

वेंडल खाण्याच्या टपरीत होता. पालकांनी पाळीपाळीने तिथे सॉसेज भाजायचे असतात, आणि आज त्याने आपण होऊन पाळी मागून घेतली होती. टपरीच्या खिडकीतून त्याचं फक्त डोकं दिसत होतं, तेही तो रिकाम्या क्रेटवर उभा होता म्हणून.

मॅब्रीसाहेब आले. वाळलेला माणूस, तोंडात सूर्यफुलाच्या बिया, हातात टरफलं थुंकायला कागदी पेला. ते बरोब्बर लोर्नाच्या शेजारी येऊन बसले, खेळाकडे एकदा बघितलं आणि मग ड्वेनच्या मनगटांकडे टक लावून बघत राहिले.

"आपण मुलाचे वडील?"

"होय, तर! माझंच रक्त आहे!" ड्वेन एवढ्या मोठ्याने ओरडला की दोन बाकं पुढे बसलेली शेजारीण बेव गर्रकन वळली.

"अगं बाई, ड्वेन! आज बहि—"

लोर्नाने मांडीवरच्या टोपलीतली जर्दाळूचा मुरंबा भरलेली, गोड पावासारखी कोलाची उचलली आणि अख्खीच्या अख्खी बेवच्या तोंडात घातली. "खा गं, बेव. ताजी आहे." बेव चावत राहिली. कोलाची खरोखरच चांगली झाली होती, म्हणून प्रकरण तिथेच मिटलं.

"ह्या वयात तुम्ही केवढे होता?" मॅब्रींनी विचारलं.

इथे ड्वेनला गप्प बसता आलं असतं. पण जन्मात पहिल्यांदाच कुणीतरी त्याला टाक्यांखेरीज काही विचारत होतं. "कॅलएवढाच! अगदी तेवढाच! मग जो सुटलो, विचारू नका. आईने पलंगाच्या पायथ्याशी बाकडं जोडलं. पुढच्या वर्षी ते बाकडंही पुरेना."

मॅब्रींचा चेहरा उतरला. "अरेरे," ते पुटपुटले. ड्वेनला वाटलं, साहेब हळहळले ते बाकड्याच्या गोष्टीने.

कॅल आधी उंचवट्यावर उभा राहिला. त्याने चेंडू फेकले, समोरच्यांनी ते बदडले. मॅब्रींनी दोनदा जांभई दिली. टपरीच्या खिडकीतून मात्र "वा! वा!" ऐकू येत होतं. मग प्रशिक्षकाला दया आली आणि त्याने पोराला शॉर्टस्टॉपला पाठवलं. पहिलाच चेंडू खड्ड्यावर आपटून वेडावाकडा उडाला. कॅलने तो आडवं पडता पडता उघड्या हाताने धरला आणि गुडघ्यावरूनच पहिल्या बेसकडे भिरकावला. धावणारा बाद. मॅब्री ताडकन उभे राहिले, पेल्यातली सगळी टरफलं ड्वेनच्या टायवर सांडली.

मग ते ड्वेनकडे बघून पुन्हा मटकन खाली बसले.

"प्रोहास्काबाई, स्पष्ट बोलतो. पिचर म्हणून तुमच्या पोरात काही नाही. असे मला रस्त्याने जाताना भेटतात. शॉर्टस्टॉप म्हणून मात्र पोरगं सोनं आहे. त्याचे पाय, हात, नजर, सगळंच तयार आहे. आणि माझ्याकडची जागा शॉर्टस्टॉपचीच आहे."

"मग?" लोर्नाने विचारलं.

"मग काय! बाप बघा की!" त्यांनी ड्वेनकडे हात केला. "दोन वर्षांत पोरगं असं होणार. असा माणूस खाली वाकेपर्यंत चेंडू पार कुंपणाला लागलेला असतो. मागे एकदा बापाकडे न बघता एक पोरगं घेतलं, आता ते दारातून डोकं वाकवून येतं. नाही, बाई. पलीकडच्या गावात एक शॉर्टस्टॉप आहे, ह्याच्या निम्माही नाही. पण त्याचा बाप देवदयेने खुजा आहे." आणि बिया खिशात घालून ते उठले.

लोर्नाला हसू आलं, रडू आलं आणि मग जो संताप आला त्यात दोन्ही वाहून गेलं. वर्षभर पोरगं जे मागत होतं ते समोर चालून आलं होतं आणि ह्या मूर्खाने त्याच्या वाटेत स्वतःच्या हाताने साडेसहा फुटांची भिंत उभी केली होती. ती तरातरा टपरीत शिरली आणि तिने वेंडलला बखोटीला धरून क्रेटवरून खाली ओढलं.

"चल. बाप हो."

"अगं, पण आपली योजना…"

"तुझी योजना गेली टाकीत! त्याला शॉर्टस्टॉप हवाय, आणि बुटक्या बापाचा हवाय. जन्मात पहिल्यांदा तुझा उपयोग आहे, चल!"

मॅब्रींनी गाडीचं दार उघडलं होतं. लोर्नाने नवऱ्याला त्यांच्यापुढे उभं केलं. "साहेब, हा माझा नवरा. कॅलचा खरा बाप."

"बाई, नवरा मी आत्ताच बघितला."

"तो खोटा होता."

मॅब्रींनी वेंडलला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि मान हलवली. "पोराच्या जागेसाठी लोक काय काय करतात! बुटका माणूस धरून आणलात होय? आणि आणायचाच, तर जरा आणखी बुटका तरी आणायचा. हा काय, मध्यम आहे."

हे वाक्य ऐकायला वेंडल उभा जन्म तरसला होता. परका, पारखी माणूस त्याला तोंडावर मध्यम म्हणत होता. त्याच्या चेहऱ्यावर असं काही समाधान पसरलं की लोर्नाला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली.

"बूट काढ," ती म्हणाली.

"लोर्ना! इथे? लोकांसमोर?"

लोक खरंच जमले होते. सामना संपला होता आणि बाकांवरचं निम्मं गाव गाड्यांकडे येताना तिथेच थांबलं होतं. बेव सर्वांत पुढे होती. मातीने माखलेला कॅलही येऊन उभा राहिला. "बाबा," तो म्हणाला, "प्लीज."

वेंडलने पोराकडे बघितलं. मग तो खाली बसला, नाड्या सोडल्या आणि मोज्यांवर खडीत उभा राहिला. त्याची पँट घोट्यांवर गोळा झाली. गर्दीतून "अरे बापरे" असा आवाज आला. लोर्नाला त्या क्षणी नवऱ्याचा खरोखर अभिमान वाटला, आणि असं वाटलेलं तिला मुळीच आवडलं नाही.

"वा!" मॅब्री त्याच्याभोवती फिरले. "वा, वा! ह्याला म्हणतात बाप! आणि कानही पोराचेच आहेत, तेच पंख्यासारखे. पण मग तो राक्षस कोण?"

"तो माझा मेव्ह—" वेंडल आता खरं बोलायच्या लाटेवर होता.

"शेजारी!" लोर्ना ओरडली. "शेजारी आहेत आमचे. गावाच्या टाक्या उपसतात."

"लोर्ने!" ड्वेन दुखावला.

"आणि बाई, तुमच्या माहेरची माणसं?"

"मध्यम," लोर्ना म्हणाली. "सगळे अगदी मध्यम."

मॅब्री कॅलकडे वळले. "बुटाचा नंबर काय रे तुझा?"

कॅल खरं बोलणारा मुलगा होता. त्याने तोंड उघडलं. "पायातच आहेत की!" लोर्ना मधेच म्हणाली. "ऐकीव कशाला? तुम्हीच बघा, साहेब." मॅब्रींनी वाकून मार्चमधल्या बुटाची जीभ बाहेर ओढली, त्यावरचा दहा वाचला आणि पोराचा हात हातात घेतला. "जागा तुझी. आता एक इंचही वाढू नकोस." कॅलने आनंदाने उडी मारली आणि खाली येताच चेंगरलेल्या बोटांमुळे एका पायावर नाचायला लागला. "काय चपळ आहे!" मॅब्री म्हणाले आणि गेले.

त्यांची गाडी वळणाआड जाते न जाते तोच मागून ड्वेनचा आवाज आला. बाकावर अंथरलेल्या घोंगड्या ठेवायला त्याने लोर्नाच्या गाडीची डिकी उघडली होती.

"लोर्ने, माझ्यासाठी आणलेस? अगं, मघाशी उगाच रागावलो बघ." त्याने एक नवा बूट पायात घातलाही होता. "अगदी मापाचा!"

वेंडल मोज्यांवर उभा होता. त्याने ड्वेनच्या पायातल्या बुटाकडे बघितलं, खोक्यावरच्या आकड्याकडे बघितलं, मग पोराच्या पावलांकडे. "हे कुणाचे?" त्याने विचारलं.

"माझे," कॅल म्हणाला.

वेंडलचे डोळे भरून आले. "तेरा," तो म्हणाला. "माझ्या पोराला तेरा!"

"वेंडल, तोंडातून अक्षर काढायचं नाही," लोर्ना हळू आवाजात म्हणाली. "कॉलेज सुरू होईपर्यंत तरी नाही. कॅल, तू आजपासून गुडघे वाकवून चालायचं."

"मी कुणाला सांगतोय?" वेंडल म्हणाला. पण त्याचे पाय बेवच्या दिशेने निघालेही होते. खडी टोचत होती, तरी तो टाचा उंच करकरून चालला होता. लोर्नाने कोलाच्यांची टोपली उचलली आणि त्याच्यामागे धावत सुटली.