ट्रोगॉनला नावं ठेवताना

शहराच्या पक्षी उद्यानात उष्ण प्रदेशातल्या ट्रोगॉन पक्ष्यांची जोडी रीतसर दाखल झाली. नराची छाती लालभडक, मादी साधी तपकिरी. आपल्या भाषेत दोघांनाही नाव नव्हतं, आणि नियमानुसार बिननावाच्या पक्ष्याला घरट्यासाठी कुजका ओंडका मंजूर होत नाही. इकडे मादीचे दिवस भरत आलेले. त्यांचा पिंजरा सांभाळणाऱ्या मावशी काकुळतीला येऊन रोज कचेरीत खेपा घालत होत्या.

शेवटी वरून आदेश निघाला. पक्षी दोन, म्हणून कारकुनाने व्याकरण सांभाळून अनेकवचन वापरलं: ‘पक्ष्यांना तातडीने नावे ठेवावीत.’

तिघांची समिती नेमली गेली. भाषातज्ज्ञ म्हणून त्यात मीही होतो. खरं सांगतो, इतकं जीव ओतून काम आम्ही जन्मात केलं नव्हतं. नर दिवसभर एका फांदीवर ढिम्म बसतो. माणूस दिसला की पाठ फिरवतो. वर भडक कपड्यांची हौस. मादीला टापटीप म्हणून नाही. परदेशी नावाचा अर्थच मुळी ‘कुरतडणारा’, म्हणजे खानदानच संशयास्पद!

अहवाल ऐकून मावशींनी कपाळावर हात मारला. “अहो साहेब, पाखरांना नाव द्या म्हटलं होतं मी. नावं ठेवा नव्हे!”

“मावशी, आदेशात अनेकवचन आहे,” अध्यक्ष म्हणाले. “एकावर थांबलो तर कामचुकारपणा होईल.”

“मग ओंडक्याचं काय?”

“असल्या चालीच्या पक्ष्यांना? सरकारी लाकूड कुरतडायला?”

ओंडक्याऐवजी लोखंडी नळ उभा केला. नराने त्यावर चोच आपटून पाहिली आणि आमच्याकडे पाठ फिरवली. मला उगाचच वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी पिंजऱ्याचं दार सताड उघडं.

“कडी नीट लागत नाही, कधीची सांगतेय,” मावशी शांतपणे म्हणाल्या.

पक्षी लांब गेले नव्हते. अख्ख्या उद्यानात मनासारखं कुजलेलं लाकूड एकच होतं, आमच्या समितीच्या खोलीतला मधला खांब. त्यात त्यांनी ढोली कोरली, अंडी घातली. तेव्हापासून आम्ही बैठका अंगणात घेतो, त्याही कुजबुजत.

परवा पिल्लं बाहेर आली. आता त्यांनाही नावं ठेवायची आहेत, म्हणून समितीत एक जागा वाढवली आहे. पक्षी पाहिलेला नसला तरी चालेल, अनुभव मात्र हवा. अर्जाची गरज नाही. ही गोष्ट वाचताना तुम्ही आम्हाला जी नावं ठेवलीत, ती समितीला पसंत पडली आहेत. उद्यापासून रुजू व्हा.