अंडी कमी, स्वभाव बरा

आमच्या शेजारचे शिवप्पा अण्णा अंडं खात नाहीत, अंड्याला हात लावत नाहीत, आणि त्यांनी अकरा कोंबड्या पाळल्या आहेत. अंडी ते वरणाच्या डावानं उचलतात. हा डाव स्वयंपाकघरातला नव्हे हे कळावं म्हणून त्याच्या दांड्याला लाल चिंधी बांधलेली आहे. अंडं डावात, डाव कंपाउंडच्या भिंतीवरून आमच्या बाजूला, आणि खाली मी पातेलं धरून उभी. जुळे सोलापुरात एवढ्या सोवळ्यातलं ऑम्लेट दुसऱ्या कुठल्या घरी होत असेल असं मला वाटत नाही.

"खात नाही तर पाळता कशाला?" असं मी सुरुवातीला एकदा विचारलं होतं.

"अभ्यासाला खावं लागत न्हाय, ताई. दारूबंदीचा साहेब काय दारू पितो का?"

यावर बोलण्यासारखं बरंच होतं, पण मी पातेलं पुढे केलं.

अण्णांची उभी हयात चादरीच्या कारखान्यात माल तपासण्यात गेली. गाठ, डाग, सुटलेला धागा. पास नाहीतर बाद. निवृत्तीनंतर तपासायला काही उरलं नाही. महिनाभर ते गल्लीतल्या लोकांच्या वाळत घातलेल्या चादरी तपासत हिंडले. मग बायकांनी तक्रार केली आणि अण्णा कोंबड्यांकडे वळले.

कोंबड्यांना त्यांनी नावं ठेवलेली नाहीत. "नाव ठेवलं की निवाडा बिघडतो." जातीवरून हाक मारायची आणि रोज संध्याकाळी भिंतीशी उभं राहून मला निकाल सांगायचा. निकालाचे रकाने दोनच, अंडी आणि स्वभाव.

"लेगहॉर्न. अंडं रोजच्या रोज. पन कुकर वाजला तरी उडती. घातलेल्या अंड्याकडं वळून बगत न्हाय. नोकरी केल्यागत घालती."

"कडकनाथ. अंडी जेमतेम. पन चाल बगा की! माहेर लई मोठं असल्यासारखी."

"अस्सील. अंडी नावाला, भांडण बारमाही." यात अतिशयोक्ती नव्हती. गॅसचं सिलिंडर आणणारा माणूस त्या अस्सीलमुळे दोनदा टेम्पोच्या टपावर चढला होता.

हळूहळू हा अभ्यास माणसांपर्यंत आला. माझे यजमान गिरिराज जातीचे निघाले: वजन बरं, हालचाल कमी. सासूबाईंना त्यांनी तोंडावर अस्सील म्हटलं. सासूबाई मोहोळकडच्या, त्यांना तो मान वाटला आणि त्यांनी अण्णांना शेंगाचटणी दिली. मला लेगहॉर्न ठरवलं तेव्हा मात्र मला राग आला. दोन दिवस मी पातेलं घेऊन गेले नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी डबे भरताना कुकर वाजला, मी दचकले, आणि राग सोडून दिला.

या सगळ्यात महादेवीकाकू, म्हणजे अण्णांच्या पत्नी, कुठंच नसत. लिंगपूजा झाल्याशिवाय पाण्याचा थेंब न घेणारी बाई. कोंबड्यांना त्यांनी एका अटीवर परवानगी दिली होती: अंडं तर सोडाच, पीसही उंबऱ्याच्या आत येता कामा नये. मुळातच त्यांचं बोलणं कमी. "जेवलात का?" या प्रश्नालासुद्धा त्या मानेनंच उत्तर देत.

ऐन मे महिन्यात गावरान कोंबडी खुडूक झाली. तिचा निकाल आधीपासूनच 'अंडी कमी, स्वभाव बरा' असा काठावरचा. आता तिनं अंडी घालणं बंदच केलं आणि आहेत त्या अंड्यांवर बसून राहिली. कोंबडीला पिलं काढायची असली की ती अशी बसते. पण आमच्या गल्लीत कोंबडाच नव्हता. पूर्वी एक होता. त्याच्या पहाटेच्या बांगेवरून मीटिंग झाली आणि त्याला गल्ली सोडावी लागली. त्यामुळे त्या अंड्यांतून काही निघणं शक्य नव्हतं. कोंबडीला ते कोण सांगणार? पत्र्याखालच्या पाटीत, सोलापूरच्या उन्हात, चोच उघडी टाकून ती बसून होती. दाणा खाईना, पाण्याला उठेना. वाळून पिसांचं गाठोडं झालं होतं.

"बादलीत बुडवा की तिला," सासूबाईंनी भिंतीवरून सल्ला दिला. "गार पानी लागलं की खूळ उतरतंय. न्हाय उतरलं तर नाकात पीस घाला. लई वेळा केलंय आमी."

अण्णांना ते पटलं. उपाशी मरण्यापेक्षा बरं. त्यांनी बादली भरली आणि कोंबडीला पंखांखाली धरून उचललं. तेवढ्यात मागच्या दारातून आवाज आला.

"ब्याडा!"

ब्याडा म्हणजे कानडीत नको. काकू उंबरा ओलांडून बाहेर आल्या होत्या. त्यांना त्या अंगणात मी पहिल्यांदाच बघत होते.

"अगं, तिच्या खाली काय न्हाय," अण्णा म्हणाले. "रिकामी हायत सगळी. उगं मरंल."

"तिला कुटं ठाव हाय?" काकू म्हणाल्या. "ती वाट बगतीय. बसू द्या."

त्या दोघांना मूल नाही, हे मी अजून सांगितलं नाही. ते दोघंही कधी सांगत नाहीत, म्हणून राहून गेलं. सासूबाईंना ते ठाऊक होतं. त्या भिंतीपासून मागे सरल्या आणि आत गेल्या.

अण्णांनी कोंबडी परत जागेवर ठेवली. बादली लिंबाच्या झाडाला ओतली.

दुसऱ्या दिवशी ते सकाळच्या एसटीनं मोहोळला गेले आणि ज्या घरी कोंबडा आहे अशा घरची अंडी घेऊन दुपारी परतले. चादरीत गुंडाळलेलं गाठोडं सबंध प्रवासात मांडीवर होतं. शेजारच्यानं काय आहे म्हणून विचारलं, तर म्हणाले, "जीव हायत. धक्का मारू नका."

अडचण अंडी बदलताना आली. कोंबडीच्या पोटाखाली डाव जाईना. तिनं डावाला चोच मारली, मग अण्णांना मारली. "स्वभाव तापट," ते म्हणाले. "कारण रास्त." त्यांनी डाव बाजूला ठेवला, बाही सारली आणि नुसता हात तिच्या पोटाखाली घातला. पहिलं जुनं अंडं बाहेर काढून ते तसेच तळहातावर धरून राहिले.

"ऊन हाय की वो, ताई," ते मला म्हणाले. "आत काय न्हाय, तरी किती ऊब दिलीय बगा हिनं."

ती जुनी अंडी त्यांनी मला दिली नाहीत. लिंबाखाली पुरली.

संध्याकाळी पत्रा हाताला चटके देत होता. काकू आल्या, कोंबडीसकट ती पाटी त्यांनी उचलली आणि उंबऱ्यावरून सरळ घरात नेली. त्या घरात मधली एक लहान खोली आहे. घर बांधताना मुद्दाम काढलेली, फिकट पिवळा रंग दिलेली. तिच्यात कधी धान्याचं पोतंसुद्धा ठेवलेलं मी पाहिलं नव्हतं. काकूंनी पाटी तिथं ठेवली आणि कूलर लावला. कूलरमध्ये पाणी घालायला अण्णाच उठत.

तीन आठवड्यांनी सकाळीच किलबिल ऐकू आली. मी चहाचं आधण तसंच टाकून पळाले.

मधल्या खोलीचं दार लोटलेलं होतं. अण्णा बाहेर खुर्ची टाकून बसले होते. आत काकू कानडीत बोलत होत्या. भराभर, न थांबता, मधेच हसत, कुणाला तरी लटकं रागावत. इतक्या वर्षांत मी त्यांचा एवढा आवाज ऐकला नव्हता.

"तुम्ही आत नाही गेलात?" मी विचारलं. "पिलं बघितली का?"

अण्णांनी ओठांवर बोट ठेवलं.

"बगू की नंतर," ते हळूच म्हणाले. "ती बोलतीय. बोलू दे."