बोलणं दुपारनंतर

माणूस सुधारला हे सिद्ध करायचे, तर आधी तो पुरेसा बिघडलेला दिसावा लागतो, हे समाजकार्याचे मूलतत्त्व होय. पक्षाघाताने वाचा गेलेल्यांना गाण्यातून बोलते करणाऱ्या एका संस्थेला ते उशिरा उमगले. इतकी वर्षे ती नुसतीच माणसांना बोलते करीत बसली होती, त्यामुळे तिच्याकडे दाखवण्याजोगे काही नव्हते. वर्गाची खोली पुढेही हवी असेल, तर देणगीदारांपुढे चित्रफीत ठेवणे भाग होते.

दिग्दर्शक अनुभवी होता. (अंध नटांच्या संघावरील त्याची चित्रफीत नेत्रसुखद ठरली होती.) त्याने एका निवृत्त वायरमनला निवडले, कारण वर्गात त्याचाच चेहरा सर्वांत खचलेला होता. हा चेहरा आजारापूर्वीही असाच होता, असे त्याच्या बायकोने प्रामाणिकपणे सांगितले. ते चित्रित करण्यात आले नाही. वायरमन गाण्याच्या ओळी म्हणू लागला होता, पण स्वतःचा असा एकही शब्द अद्याप आला नव्हता. त्या एका शब्दासाठी बायको त्याला धरून दर आठवड्याला वर्गाचा जिना चढत असे.

सकाळी 'आधी'चे दृश्य होते: खिडकीशी मूक बसलेला वायरमन. घरघर नको म्हणून पंखा बंद केला होता. दिवे तापले. वायरमनने घाम पुसला, वर पाहिले आणि तो खणखणीत आवाजात म्हणाला, "पंखा लाव गं."

बायको सवयीने उठली आणि मध्येच थबकली.

"कट," दिग्दर्शक म्हणाला.

"अहो, बोलले ते. ऐकलंत ना?"

"काकू, मला आनंदच आहे. पण बोलणं दुपारनंतर आहे."

वेळापत्रकात खरोखरच तसे होते. पुन्हा घेतले. वायरमन पुन्हा तेच म्हणाला, शिवाय या वेळी त्याने बटण कुठे आहे तेही दाखवले. दिग्दर्शकाने संयम सोडला नाही. त्याने समजावले, वर्गात गाणे शिकवणाऱ्या बाईंनी समजावले, मग सगळे बायकोकडे पाहू लागले. खोलीचा प्रश्न होता.

"थोडं गप्प बसा हो," ती म्हणाली. (उभ्या संसारात या वाक्याचा काडीचा उपयोग झाला नव्हता.) या वेळी झाला.

दुपारी 'नंतर'चे दृश्य आले. वायरमन गप्पच. पंखा लावून पाहिला, बंद करून पाहिला. अखेर एका नामवंत कलावंताचा आवाज घालण्याचे ठरले.

समारंभात पडद्यावरचा वायरमन भारदस्त स्वरात म्हणाला, "सुरांनी मला माझं आयुष्य परत दिलं." सभागृह हेलावले. पहिल्या रांगेतल्या देणगीदाराने रुमाल काढला, म्हणजे खोली मिळाली. अंधारात बायकोच्या शेजारची खुर्ची करकरली. नवरा पुढे झुकला, पडद्याकडे बोट दाखवून अडखळत म्हणू लागला, "हा... मी नव्ह..."

"श्श," मागून कोणीतरी दटावले.

तो शिकवल्याप्रमाणे गप्प झाला. बायकोने वळून पाहिले. दटावणारे ते, वाचकहो, आपणच होतात. पण आपले डोळे इतके भरून आले होते, की ती बिचारी काही बोलली नाही.