बदामाखालची गाडी

जयवंतरावांची गाडी गणपतीपासून जागची हलली नव्हती, आणि ती हलू नये म्हणून ते जिवाचं रान करत होते.

"अहो, हिंदमाताला जायचंय," कालिंदीबाई म्हणाल्या. "भाचीच्या लग्नाच्या साड्या. येताना हात भरून सामान असणार. आज तरी गाडी काढा."

"बसने जाऊ."

"मग घेतली कशाला? हळदकुंकू वाहायला?"

खरं कारण बाईंना ठाऊक होतं. गिरगावातल्या त्यांच्या वाडीत गाड्या उदंड आणि जागा नावापुरती. तोंडाशी बदामाच्या झाडाखाली काय ती एक ऐसपैस जागा, आणि तिचा कायदा सरळ होता: ज्याची गाडी उभी, त्याची जागा. ती मिळेपर्यंत जयवंतरावांनी रोज संध्याकाळी सगळ्या गल्ल्या पालथ्या घातल्या होत्या. शेजारचा ॲलिस्टर अजून तेच करत होता. कामाला निघताना तो बदामाखाली जरा रेंगाळायचा, टायरवरून प्रेमाने नजर फिरवायचा आणि विचारायचा, "काय अंकल, आज कुठे बाहेर?" त्या प्रेमाचा अर्थ जयवंतरावांना बरोब्बर कळायचा.

एका सकाळी वाडीतल्या पर्यावरण गटाची संघमित्रा त्यांना बसस्टॉपवर भेटली. "काका, दारात गाडी असून तुम्ही रोज बसने? मुद्दाम?"

पलीकडेच ॲलिस्टर रात्री लावलेली गाडी शोधत होता आणि त्याचे कान इकडेच होते. खरं सांगावं तर संध्याकाळपर्यंत अख्खी वाडी म्हणणार, वापरत नाही तर जागा कशाला अडवता? जयवंतरावांनी आभाळाकडे बघितलं.

"हवा बघतेस ना गं मुंबईची? कुणीतरी सुरुवात करायला हवी."

बोलून गेले आणि त्यांचं त्यांनाच छान वाटलं. मग त्यांना चटकच लागली. टॅक्सीला हात करणाऱ्याला ते थांबवू लागले, भायखळ्याहून टेम्पोने भाजी आणणाऱ्याला धुराबद्दल सुनावू लागले. कालिंदीबाई कपाळाला हात लावून म्हणाल्या, "खोटं बोला हवं तर, पण इतकं मनापासून नको."

महिन्याभरात संघमित्रा घरी आली. "काका, रविवारी तुमचा सत्कार. वाडीचा पहिला 'पर्यावरणमित्र' पुरस्कार."

"अगं, कशाला उगाच," जयवंतराव खुलले.

"फक्त एक करा. स्टेज बदामाखालीच बसतंय. तेवढी गाडी काढा."

जयवंतरावांच्या हातातला चहा तसाच राहिला. "गच्चीवर घेऊ या की."

"म्हाताऱ्यांना जिने चढवत नाहीत."

"मग घरीच द्या. मला असलं कौतुक सोसत नाही."

"किती साधे हो तुम्ही, काका."

"नाहीतर गाडी स्टेजवरच राहू दे. फुलं घालू. त्यागाचं प्रतीक म्हणून."

कालिंदीबाई ओट्याशी तोंडाला पदर लावून उभ्या होत्या. "काढतील हो ते," त्या म्हणाल्या. "काही तासांचा तर प्रश्न."

रविवारी गाडी सुरूच होईना. बॅटरी कधीच मेली होती. शेवटी पोरांनी ती ढकलत हमरस्त्यावर नेली. सगळ्यात जोर ॲलिस्टरने लावला. सख्ख्या माणसाला खांदा द्यावा इतक्या जिव्हाळ्याने तो भिडला होता.

सत्काराला मात्र तो पहिल्याच रांगेत बसला. तो डोळ्यांसमोर आहे म्हणजे जागा सुरक्षित आहे, असा हिशोब करून जयवंतराव निवांत झाले आणि भाषण रंगलं. "मित्रांनो," ते म्हणाले, "मी फार काही केलं नाही. गाडी एका जागी लावली आणि विसरून गेलो. तुम्हीही लावा आणि विसरून जा." टाळ्यांचा कडकडाट झाला. सगळ्यात जोरात ॲलिस्टरने वाजवल्या.

शाल झाली, कुंडीतलं रोप झालं, मग बटाटेवड्यांसाठी सगळे चौकात गेले. तिथे फोटो सुरू झाले. पोरं तोवर मागे बदामाखालचं स्टेज उतरवत होती. कितव्यातरी फोटोला जयवंतरावांना ॲलिस्टर कुठे दिसेना. शाल सावरत ते धावले. बदामाखाली लाल गाडी उभी होती आणि ॲलिस्टर तिला कुलूप लावत होता.

"ॲलिस्टर, काढतोस ना रे जरा?"

"अंकल, कसम से, तुमचं भाषण एकदम इधर लागलं." त्याने छातीवर हात ठेवला. "लावली आणि विसरलो. आता बसनेच जाणार."

मागून येणाऱ्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या. संघमित्राचे तर डोळे भरून आले. पुरस्कारप्राप्त माणूस यावर काय बोलणार? जयवंतरावांनीही टाळ्या वाजवल्या.

नवी बॅटरी आली. हमरस्त्यावर दिवसा गाडी ठेवता येत नाही, म्हणून जयवंतराव आता रोज गाडीनेच ऑफिसला जातात आणि संध्याकाळी जागा शोधत गिरगावाला प्रदक्षिणा घालतात. साड्यांची खरेदीही गाडीनेच झाली. "पुरस्कार लाभला हो मला," असं कालिंदीबाई भेटेल त्याला सांगतात.

परवा संध्याकाळी असेच ते फेऱ्या मारत बसस्टॉपपाशी अडकले. ॲलिस्टर नुकताच बसमधून उतरला होता आणि संघमित्रा त्याला विचारत होती, "दारात गाडी असून रोज बसने?"

ॲलिस्टरने आभाळाकडे बघितलं. मग खाली बघताना त्याला ओळखीची गाडी दिसली. तो खिडकीशी वाकला आणि अगदी प्रेमाने म्हणाला, "काय अंकल, आज कुठे बाहेर?"