आठ ठिकाणची माती

मातीचा अहवाल हाती पडला, तेव्हा गणपतने तो दोनदा वाचला, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचला. गाव सोडून शहरात, लिंबायतच्या यंत्रमाग कारखान्यात बावीस वर्षे फिटर असलेल्या, आयटीआयचे प्रमाणपत्र भिंतीवर टांगणाऱ्या या गृहस्थाचा मोजमापावर गाढ विश्वास होता. अहवालात नत्र भरपूर होते, स्फुरदही भरपूर. गावी धाकटा भाऊ राघो पावसाच्या भरवशावर चार एकर मका करीत असे. त्या मक्याला यंदा पेरणीच्या वेळी खत देऊ नये आणि तो गुडघ्याएवढा झाल्यावर युरियाही टाकू नये, असे पत्र गणपतने त्याच दिवशी टाकले.

अहवालामागे शिस्तही तशीच होती. बांध आणि झाडाची सावली टाळून आठ ठिकाणी वीतभर खोल खणावे, माती कालवावी, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकावेत आणि असे करीत अर्धा किलो उरवावी, हे त्याने राघोला क्रमवार लिहिले होते. राघोने गावच्या माणसाबरोबर कापडी पिशवी भुसावळ पॅसेंजरने गणपतकडे धाडली होती आणि गणपतने ती तपासणीला दिली होती.

जुलैत एका संध्याकाळी गणपत या पद्धतीचे महत्त्व बायकोला तिसऱ्यांदा समजावत होता. भाजी निवडणारी सुंदरा एकाएकी थांबली. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गौराईपुढे टोपलीत गहू पेरायची तिच्या माहेरची रीत होती.

"गौराईले गटारनी माती कशी चाली?" ती हळूच म्हणाली. "आपला वावरनी व्हती, म्हणून ती लिधी. अन् पिशवीमा बकऱ्या बांधतस तठली भरी दिधी."

म्हणजे भावाच्या शेतातली माती गौराईच्या टोपलीत गेली होती. गल्लीतल्या शेळ्यांच्या लेंड्यांवर विसंबून त्याने चार एकर मका उपाशी ठेवला होता. सख्ख्या भावाचे वर्ष त्याने स्वतःच्या हस्ताक्षरात बुडवले होते.

दोघे तडक एसटीडी बूथवर गेले. गावच्या किराणा दुकानात फोन लागला, पण राघोला शेतातून बोलावून आणीपर्यंत अर्धा तास गेला. त्या अर्ध्या तासात गणपतने मका मनातल्या मनात पिवळा पडताना पाहिला.

"राघो, माझ्या पत्रातलं काही करू नको. आजच्या आज युरिया दे."



"दादा, रागे नका भरू," राघो म्हणाला. "पेरनीले खत दिधं. परवा पाऊस उना, मंग युरिया बी टाकी दिधा."

"मग माझं पत्र?"

"उन्हायामा वावर दगडनागत व्हतं. आठ खड्डा कोन करी? गोठाना मांगनी माती भरी दिधी. तुमनं पत्र उनं तवय मनी बायको हसनी. म्हणे, गोठाले खत कसाले लागी?"

गणपतने भिंतीला पाठ टेकली. मग आवाजात शक्य तेवढा दरारा आणून त्याने भावाला या वेळेपुरते माफ केले. शेळ्यांचा विषय काढण्याचे कारण नव्हते.

बाहेर सुंदरा पदर मुठीत आवळून उभी होती.

"मका हिरवागार आहे," तो म्हणाला.

"गौराईनीच राखं," तिने हात जोडले.

गणपतने, आयुष्यात प्रथमच, पुरावा मागितला नाही.