नथूआबांचा निकाल

धुळ्याच्या देवपुरात, पाण्याच्या टाकीमागच्या आमच्या गल्लीत, शेजारी राहणारे नथूआबा सगळ्या जगाची गाणी ऐकतात आणि सगळ्या जगाला एकच निकाल देतात, "हाई तं आपलंच शे." म्हणजे, हे तर आपलंच आहे.

कुठल्याही देशाच्या लोकगीतांचा नवा अल्बम आला की आबा खिडकीत स्पीकर ठेवतात आणि गल्लीला नाइलाजाने रसिक व्हावं लागतं. आफ्रिकेतल्या बाया काहीतरी कांडताना गात होत्या. आबा म्हणाले, "बाजरी कांडी राहिन्यात. आपलंच शे." आयर्लंडचं फिडल वाजलं, तर ती म्हणे शिरपूरकडची वरात. एकदा मंगोलियाचा एक गडी घशातून घुमत होता. मी म्हटलं, "आबा, निदान हा तरी त्यांचा असू द्या."

"आमना शिंदखेडाना मामाले दमा व्हयना तवय आसाच बोले," आबा म्हणाले.

मी हसतो खरा, पण हा नाद कधी लागला ते ठाऊक असल्यामुळे फार वेळ हसवत नाही.

आबांचा मुलगा प्रशांत पुण्यात संगीत करतो. वारलेल्या आईकडून शिकलेली कानबाई देवीची गाणी त्यानं घेतली, त्यांना गिटार आणि परदेशी ढोल जोडले आणि पहिला अल्बम काढला. मोठ्या हौसेनं तो वडिलांना ऐकवायला आला. गल्ली जमली होती, मीही होतो. आबांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि चारचौघांत म्हणाले, "हाई आपलं नही." प्रशांत संध्याकाळच्या गाडीनं गेला, तो पुन्हा आला नाही. आबांनीही बोलावलं नाही. त्यानंतर मात्र दिसेल त्या देशाला ते आपलं म्हणू लागले.

गेल्या महिन्यात प्रशांतचा नवा अल्बम आला. आबांनी खिडकी लावून घेतली आणि माझा फोन कानाशी धरून तो ऐकला. पुन्हा ऐकला. मग म्हणाले, "खाले लिख. आपलंच शे."

"तुमचं नाव घालू?"

"नाव नको."

माझ्या फोनवरचं खातं माझ्या नातीच्या नावाचं. त्यावरून अल्बमखाली लिहिलं. पुढे रोज सकाळी उत्तराची चौकशी करायला आबा दारात, "काही उनं का?" नाही म्हटलं की नळाला पाणी आलं का, असं काहीतरी विचारून परत जात. मला त्यांच्या तोंडाकडे बघवत नसे.

काल प्रशांतचं उत्तर आलं. 'धन्यवाद. आपण कुठले?'

आबांनी फोन लांब धरून ते वाचलं. पोटचा पोरगा विचारत होता, कुठले म्हणून.

"काय लिहू, आबा?"

"धुळे लिख."

लिहिलं. पाठवणार, तेवढ्यात त्यांनी माझा हात धरला.

"देवपूर बी लिख," ते म्हणाले. मग जरा थांबून, "पाणीनी टाकीना मांगे."